चार ओळींचा रिपोर्ट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आम्हा सगळ्या लिफ्ट मेकॅनिकना ऑफिसात बोलावून सांगितलं – पुढच्या महिन्यापासून जोड्या बंद. प्रत्येकाने एकट्याने इमारती करायच्या आणि रिपोर्टही स्वतःच लिहायचा, इंग्रजीत. त्याआधी लेखी परीक्षा. नापास होईल तो गोदामात.

चौदा वर्षं माझे सगळे रिपोर्ट माझ्या जोडीदाराने लिहिले. इंग्रजी लिहितो म्हणून सगळे त्याला ‘साहेब’ म्हणतात. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, तुझं अक्षर वळणदार आहे, तूच लिही, मी सही करत जाईन. अक्षराचं निमित्त! एबीसीडी येते, दुकानांच्या पाट्या वाचता येतात, पण एक वाक्य जुळवायचं म्हटलं की हात थिजतो. हे घरी हिलासुद्धा माहीत नाही.

५ फेब्रुवारी

हिला सांगितलं. म्हणाली, मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

हलकं वाटलं.

६ फेब्रुवारी

लेकीने मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिला. एक बाई सावकाश इंग्रजी बोलते, मध्ये थांबते, मग आपण म्हणायचं. शिवाय शब्दांचं ॲप – रोज दहा शब्द. आणि स्पेलिंगसाठी शंभर पानी वही. लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, पण शिकवायला बसली की थेट हेडमास्तरीण. पाठ करायचं नाही म्हणे. आधी ऐकायचं, मग लिहायचं.

सकाळी बसमध्ये ऐकलं. बाईने नाव विचारलं, मी मोठ्याने सांगून बसलो. शेजारच्या माणसानेही बिचाऱ्याने आपलं सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ब्रेकची स्पेलिंगं दोन! थांबवायचा ब्रेक वेगळा, मोडायचा ब्रेक वेगळा, उच्चार मात्र एकच. मी वहीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ लेकीच्या म्हणण्याप्रमाणे ‘मोडतोड तपासली’. बावीस वर्षं ब्रेक हाताने सोडवतोय, घासतोय, बसवतोय, आणि नाव लिहिता येत नव्हतं. तीस वेळा लिहून काढला.

१३ फेब्रुवारी

‘मोटरमधून आवाज येतो’ असं लिहायला गेलो. एक आय राहिला. झालं – मोटरमधून नाक येतं. ही हातातली भांडी ठेवून खालीच बसली हसत. शाळेत अशाच एका चुकीसाठी मास्तरांनी तासभर बाकावर उभं केलं होतं, तेव्हापासून इंग्रजीची वही उघडली की कान तापायचे. आज आय घालून पुन्हा लिहिलं आणि पोटभर जेवलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईचं एक अख्खं वाक्य मागे न नेता कळलं. हवामानाबद्दल होतं. काही उपयोगाचं नाही, पण कळलं.

१९ फेब्रुवारी

दुपारी मशीन रूममध्ये साहेबाला सांगून टाकलं, मला इंग्रजी येत नव्हतं, आता घरी शिकतोय. तो थट्टा करेल असं वाटलं होतं. त्याने डबा न उघडताच पिशवीत ठेवला. विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही. परीक्षेचं त्याला काय, त्याच्या तर हातचा मळ.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिली परीक्षा. एका बिघाडाचं वर्णन लिहायचं होतं. अकरा ओळी लिहिल्या! पुलीला एल दोन की एक, इथे अडलो होतो. डोळे मिटून बाईचा आवाज आठवला, काही उपयोग झाला नाही. दोन घातले. घरी येऊन आधी वही उघडली – दोनच.

साहेब आला नाही. पोट अजून तसंच आहे, कळवलंय. त्याची परीक्षा पुढच्या सोमवारी.

२६ फेब्रुवारी

पास!! हिला फोन केला, तर आवाजच फुटेना. पलीकडून ही म्हणाली, समजलं, ठेव आता, लोक बघत असतील.

२७ फेब्रुवारी

ऑफिसने सरावासाठी जुने रिपोर्ट चाळायला सांगितलं. आमचीच फाइल काढली. आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाचता येत होतं, म्हणून खुशीत बसलो होतो.

पहिला रिपोर्ट – ब्रेक तपासला. दोर तपासला. दरवाजे तपासले. सर्व ठीक.

दुसरा – तेच. तिसरा – तेच. गेल्या वर्षी दवाखान्याच्या लिफ्टच्या दोराच्या तारा तुटलेल्या सापडल्या, आम्ही दोघांनी दिवसभर राबून दोर बदलला, त्या दिवशीही ‘दोर तपासला, सर्व ठीक’. खाली माझी सही.

काम आम्ही चोख केलंय, त्याबद्दल शंका नाही, नवा दोर मी स्वतःच्या हाताने बांधलाय. मग लिहायचा कंटाळा? माझ्या सहीच्या जिवावर? आणि वर बसलेल्यांपैकी एकानेही कधी वाचलं नाही?

२८ फेब्रुवारी

हिच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. बाईला ऐकलं नाही. ही म्हणते, मनात धरून बसू नकोस, जाऊन विचार.

१ मार्च, शनिवार

साहेबाच्या घरी जाऊन आलो. फाइलचं विचारल्यावर त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, त्याला त्या चारच ओळी येतात. त्याच्या आधीच्या मेकॅनिकने कागदावर लिहून दिल्या होत्या, त्या त्याने चित्र काढावं तशा गिरवल्या. “तू सही करायच्या आधी दोन मिनिटं कागद नीट बघायचास,” तो म्हणाला. “चौदा वर्षं, दर वेळी मला घाम फुटायचा. वाटायचं, आज हा वाचेल.”