धाकट्याने राहायचे कुठे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा शाळांचे गणवेश शिवणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. माझ्यावर दडपण आणायची आमच्यात कोणाची छाती नाही, हे वेगळे सांगायला नको.

एक. दुकान, शिलाई यंत्रे व गिऱ्हाइके थोरल्या मुलास. हात चांगला आहे, डोके गरम आहे. माझ्यावर गेला.

दोन. जुनी बोथट कात्री नणंदेस द्यावी. धाकटा पहिल्यांदा आजारी पडला, कानात माणसे बोलतात म्हणू लागला, तेव्हा या बाई म्हणाल्या, "वहिनी, लाडाने डोक्यावर मिरे वाटतोय तो. दोन ठेवून द्या, येईल ताळ्यावर." धारदार कात्री देत नाही. त्यांची जीभ पुरेशी आहे.

तीन. राहते घर विकावे व त्या पैशांतून धाकट्याचे औषधपाणी चालावे. त्याने मात्र आत्ता राहतो तिथेच, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत राहावे. माया उफाळून आली तरी थोरल्याने त्याला आपल्याकडे नेऊ नये. लोक म्हणतील, आईने पोराला घराबाहेर ठेवले. म्हणून कारण लिहिते.

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. दवाखान्यात तो सावरतो, हसत घरी येतो आणि घरी आला की पुन्हा बिघडतो. डॉक्टरांनी मला व थोरल्याला समोर बसवून सांगितले, की आजार तुमच्यामुळे झालेला नाही. पण घरात सतत टोचून बोलणे, चिडणे, काळजीने मागेमागे फिरणे, याने तो उलटतो. गोळ्यांइतकेच हेही सांभाळा.

आता मी काय टोचते? "आंघोळ केलीस का? गोळी गिळलीस का, तोंड उघडून दाखव. असा काय बसलायस भिंतीकडे बघत?" कुठली आई हे बोलत नाही? थोरला रोज जेवायला येई, तो म्हणे, "अरे, जरा हातपाय हलव की!" यात जगावेगळे काय? तरी डॉक्टरांचा मान ठेवला. ठरवले, आजपासून तोंडाला कुलूप.

इथेच आम्ही माती खाल्ली. दुकानात यंत्रांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. मनगटावर टिचकी म्हणजे बाही, दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तोड. त्याच खुणा घरात सुरू केल्या. मी काही बोलायला गेले की थोरला धाकट्याच्या पाठीमागून बोटांची कात्री करी, म्हणजे विषय तोड. धाकटा दुकानात कधी बसलेला नाही, त्याला या खुणा माहीत नाहीत. एका दुपारी त्याने आरशात ती कात्री पाहिली. घर मुके झालेले, आई आणि भाऊ पाठीमागे कापायच्या खुणा करताहेत, त्याने काय समजायचे? अनवाणी पळाला. बसथांब्यावर सापडला तेव्हा मला हात जोडून म्हणाला, "आई, मला मारू नका ना." पोटच्या पोराने हात जोडले हो मला!

पुन्हा दवाखाना. बोललो तरी उलटतो, गप्प बसलो तरी उलटतो. मग आईने करायचे तरी काय, सांगा ना कोणीतरी.

तिथून सुटल्यावर तो इस्त्रीवाल्याकडे राहायला गेला. कपड्यांवर पाणी मारतो, घड्या घालतो, गोळ्या आपल्या आपण घेतो. इस्त्रीवाल्याला विचारले, तुम्ही असे काय करता? तो म्हणाला, "काही नाही हो वहिनी. आला की 'आलास का' म्हणतो, निघाला की 'ये जाऊन'." तेवढ्यावर माझे पोर दोन वर्षे बरे आहे. मी तिकडे गेले की मात्र पायरीवरूनच तोंडातून निघते, "किती वाळलास रे! जेवतोस ना?" आणि तो घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला लागतो. मला दिसते. तरी बोलते.

चार. वरील तिसरे कलम रद्द समजावे. काल धाकट्याला बोलावून ते वाचून दाखवले. शांतपणे ऐकले त्याने. मग म्हणाला, "घर कशाला विकायचं आई? मला आवडतं आपलं घर. तू नसलीस की येईन ना मी राहायला." रागाने म्हणाला नाही. पाणी मागावे तसे म्हणाला.

तेव्हा घर धाकट्यास द्यावे. थोरल्याने बोलावल्याशिवाय तिथे जाऊ नये. मीच आत्ता दुसरीकडे खोली घ्यावी आणि त्याला इथे येऊ द्यावे, हेही मनात आले. पण मी मला ओळखते, रोज सकाळी धाकट्याच्या दारात उभी राहीन.

पाच. मी शुद्धीत असल्याचा गल्लीतल्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासून झाल्यावर ते खुशीत म्हणाले, "मावशी, ठणठणीत आहात! अजून वीस वर्षं तुम्हाला कोणी घरातून हलवत नाही."

मी त्यांची फी दिली आणि घरी आले.

लिहून देणार: (सही) गणवेशवाली

समक्ष साक्षीदार:
१. (सही) इस्त्रीवाला, समोरचा
२. (सही) शेजारच्या शिक्षिका, निवृत्त

ठिकाण: राहते घर
तारीख: सात जून