शंभर सीसी आणि एक शेड

११ जानेवारी, रविवार

ठरलं. ईस्टरच्या शर्यतीत उतरायचं. शंभर सीसीच्या आतल्या जुन्या मोटरसायकलींचा गट. गेल्या वर्षी तो शेजारच्या मरेने जिंकला आणि तेव्हापासून त्याचं बोलणंच बदललंय. मी एकवीस वर्षं शाळेची बस चालवतोय, तीही मातीच्या रस्त्यांवर. वळण म्हणजे काय ते मला मरेने शिकवू नये.

गाडी मिळाली. पलीकडच्या फार्मवरच्या लॉकीच्या मेंढ्यांच्या गोठ्यात लोकरीच्या पोत्यांखाली होती. एका बिअरच्या खोक्यात सौदा. इंजिन चालतं का विचारलं, तर म्हणाला, आजोबा होते तोवर चालायचं. म्हणजे उत्तम.

संध्याकाळी बायकोशी, रेविनशी, बोलणी. तिचं म्हणणं, त्या शेडमध्ये आधीच तुझी अर्धी होडी आहे, मधमाश्यांच्या पेट्या आहेत, बिअर बनवायचं पिंप आहे. आता हे चौथं बाळंतपण कशाला? तिच्या लोकर कातणाऱ्या मैत्रिणी दर गुरुवारी आमच्या बैठकीत चरखे मांडतात आणि चहात लोकर येते. तर करार असा: ईस्टरला गाडीने एक शर्यत पूर्ण केली तर शेड कायमची माझी. नाही केली तर चरखे शेडमध्ये. तिने हात पुढे केला, मी मिळवला. बिचारी. हरणार.

१८ जानेवारी

इंजिन सगळं खोललं. कुठलाही भाग हरवू नये म्हणून सगळे क्रमाने मफिनच्या ट्रेमध्ये ठेवले. शिस्त म्हणजे शिस्त.

१९ जानेवारी

रेविनने मफिन केले. भाग एका बरणीत ओतले म्हणे. हरकत नाही, क्रम माझ्या डोक्यात आहे. एक वॉशर मरेच्या मफिनमध्ये सापडला. हा माणूस आमच्याकडे चहाला येतोच कशाला?

१ फेब्रुवारी

तत्त्व: नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. आमच्या वडिलांनी आख्खं फार्म कुंपणाच्या तारेवर चालवलं. गेट तुटलं, तार. ट्रॅक्टरचा पाइप सुटला, तार. एकदा चष्म्याची काडीसुद्धा. हल्लीची पोरं सरळ दुकानात जातात. सायलेन्सर तारेने बांधला. मागचं मडगार्ड रंगाची बादली कापून केलं. निळं आहे, पण धावताना कोण बघतंय.

रेविन विचारत होती, बागेत गुडघ्याखाली घ्यायची तिची उशी पाहिलीस का. नाही म्हणालो. सीट छान झाली आहे.

१५ फेब्रुवारी

छोट्या गाडीत वजन फार महत्त्वाचं. मरे म्हणजे नुसती काडी. मी तसा हाडापेराने मोठा. आजपासून चीज रोल बंद.

दुपारी जास्त शास्त्रीय उपाय सुचला: गाडीचंच वजन कमी करायचं. ब्रेकच्या आणि क्लचच्या दांड्यांना भोकं पाडली. एकूण साधारण एका चीज रोलएवढं वजन वाचलं. रेविन म्हणाली, दात कोरून पोट भरत नसतं, ग्रॅहम, आणि तुझं तर मुळीच नाही. तिला यंत्रातलं कळत नाही. वाचलेल्या वजनाचा चीज रोल खाल्ला. मग आणखी एक, कारण दांड्या दोन आहेत.

१ मार्च

पेट्रोलची नळी राहिली होती. मरेने आपल्याकडचा तुकडा फुकट देऊ केला. शत्रूकडून नळी घेण्याइतकी वेळ आलेली नाही. पोरक्या कोकरांना दूध पाजायची बादली मागच्या पडवीत नुसती पडून होती, तिची एक नळी कापली. मऊ, स्वच्छ, आणि अगदी मापात बसली! नवी घेतली असती तर आठवडा गेला असता.

रेविन म्हणाली, ते रबर पेट्रोलला टिकेल का रे? मी शांतपणे समजावलं की तीन हंगाम कोकरांनी ती नळी ओढून ओढून चोखली, तिला काही झालं नाही. पेट्रोल तर ओढतसुद्धा नाही.

८ मार्च, सकाळी

चालू झाली! पहिल्याच किकला. म्हणजे आजच्या पहिल्या. कुत्रा घराखाली शिरला तो जेवायलाही बाहेर येईना. मरे कुंपणाशी येऊन म्हणाला, जिन्यावरून कोणी चमचे ओततंय का? जळतो मेला. थोड्या वेळाने गाडी आपोआप बंद पडली. मी बंद करणारच होतो.

बरणीत सात भाग उरलेत. जुन्या काळी उगाच जास्तीचे घालायचे.

२२ मार्च

सराव. लॉकीच्या कुरणात दोन फेऱ्या, मग विश्रांती. गाडीचीही आणि माझीही. पेट्रोलची नळी जरा फुगल्यासारखी दिसते. म्हणजे पेट्रोल भरपूर येतंय.

२९ मार्च

बक्षीस घेतानाचं भाषण पाठ केलं. मरेचा उल्लेख ठेवलाय, मोठ्या मनाने. बाहेर आलो तर रेविन टेप घेऊन शेडची मापं काढत होती. चार चरखे खिडकीकडे, दोन भिंतीकडे. याला म्हणतात बाजारात तुरी. मी टेपचं दुसरं टोक धरलं. हरणाऱ्याशी नीट वागावं.

४ एप्रिल, ईस्टर शनिवार, पहाटे

झोप नाही. टेन्शन नाही, उत्साह. रेविन पुढे गेली. क्लबच्या टेबलावर बसून फेऱ्या मोजायचं काम दर वर्षी तिचंच असतं.

त्याच दिवशी, रात्री

सविस्तर लिहितो.

सुरुवात चांगली झाली. रेषेवर सगळ्यांत आधी मीच पोचलो होतो. निशाण पडलं आणि बाकीचे जरा घाईने गेले. मी विचारपूर्वक निघालो. दुसऱ्या फेरीत एकाला मागे टाकलं. तो बुटाची नाडी बांधत होता, पण मागे तो मागेच.

शेवटच्या फेरीत, शेवटच्या चढावर, जिथे माथ्यावरच रेषा आहे, गाडी खोकली आणि गप्प झाली. नळी हातात घेतली तर जेलीसारखा लगदा. नियम असा की स्वाराने स्वतः गाडी ढकलत रेषा ओलांडली तरी शर्यत पूर्ण धरतात. ढकलायला लागलो. शेवटचा माणूस येईपर्यंत निशाण गुंडाळायचं नाही, अशी आमच्या क्लबची रीत. त्यामुळे सगळे सॉसेज हातात घेऊन रेषेशी उभे होते. निशाण मरेकडे होतं. कारण तो कधीच जिंकून बसला होता. ओरडला, चल रे गड्या, सॉस संपत आलाय!

चिखल घोट्यापर्यंत. पण मी हरलो नाही. माथा अगदी टप्प्यात आला. शेड माझी झाली होती, मला दिसत होती. आणि एकदम गाडी हलकी झाली. अंगात नवा दम आला म्हणतात तो हाच, असं वाटलं. मागे वळून बघतो तर रेविन! टेबल सोडून, गमबूट घालून, मडगार्डला खांदा लावून ढकलत होती. दोघांनी मिळून रेषा ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. पेट्रोल गेलं डोळ्यात.

मग पंच आयलीन पुढे आली. म्हणाली, सॉरी ग्रॅहम, बाहेरच्या माणसाचा हात लागला, शर्यत बाद.

गेली शेड. आणि कशामुळे, तर बायकोच्या प्रेमामुळे! भावनेच्या भरात बिचारी नियम विसरली. आणखी चार ढांगांत मी एकट्यानेच माथा गाठला असता. तिला वाईट वाटू नये म्हणून काही बोललो नाही.

६ एप्रिल

आज न राहवून, अगदी हळुवारपणे विषय काढला. म्हणालो, रेविन, तू मनाला लावून घेऊ नकोस, नियम कोणाच्या लक्षात राहतात?

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, नियम मला पाठ आहे, दर वर्षी मीच टाइप करते.

मग ढकललंस कशाला? माझा आवाज जरा चढला असेल. शेड हवी होती तर तसं सांगायचं!

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, शेड मला तशीही मिळाली होती, ग्रॅहम. तू ढकलत होतास, पण गाडी मागे येत होती. किती तरी वेळ. तुझा चेहरा बिटासारखा झाला होता आणि सगळा गाव सॉसेज खात बघत होता. ते मला बघवेना.

दुपारी होडी आणि पेट्या बाहेर काढल्या आणि चरखे शेडमध्ये नेऊन ठेवले, चार खिडकीकडे, दोन भिंतीकडे.

मला खरंच वाटत होतं की मी वर चाललोय.