पांढऱ्या सदऱ्यातला मी

माले, ता. मुळशी
सोमवार (अंग ठणकते आहे, तारीख पाहायला कॅलेंडरापर्यंत जाववत नाही)

तीर्थरूप बंडोपंत दाजी यांस,

बहिरूचा दंडवत. कंबर वाकत नसल्यामुळे तो लिहूनच घालतो, आणि कंबर न वाकण्याचे कारण तुम्हीच आहात. शारदाआक्काला नमस्कार सांगा. तिचा गुडघा कसा आहे? तुमची साखर उतरली का? उतरली असली तरी हे पत्र बसून वाचा, कारण मी तुमच्यावर फार चिडलो आहे आणि चिडलो की माझे अक्षर मोठे येते. (पाने जास्त लागली तर तो दोषही तुमचाच.)

तुम्ही बोटीवर फिटर होता, जग पाहिले, हे आम्ही कधी नाकारले नाही. पण जग पाहिलेल्या माणसाने सातवी शिकलेल्या मेव्हण्याच्या हातात इंग्रजी पुस्तक ठेवून जेवून निघून जावे, ही कुठली रीत? दसऱ्यानंतर फाट्यावर काय झाले ते आक्काने गावभर सांगितले असेल. तरी माझ्या तोंडून ऐका, कारण आक्का त्यात भर घालते. पौडचा बाजार करून आम्ही नवरा-बायको एसटीतून उतरलो. माझ्या एका हातात कांद्याची पिशवी, दुसऱ्या हातात कोंबड्यांचे खाद्य. काळी जाकिटे घातलेले दोघे मोटरसायकलवर आले आणि धरणाकडे कसे जायचे म्हणून विचारू लागले. आता वाट विचारली की मी ती नीट सांगतो, ही माझी जन्माची खोड. पुढे पिंपळ लागेल, तो सोडायचा, मग पूल, पूल ओलांडला की उजवीकडे. एवढे सांगेपर्यंत तुळजाबाईच्या गळ्यातली बोरमाळ त्यांच्या मुठीत. पिशव्या खाली ठेवाव्यात हे मला सुचले तेव्हा ते पूल ओलांडून वळतसुद्धा होते. उजवीकडेच वळले, मी सांगितले तसे.

तेव्हापासून तिने बाजार सोडला. चाळीस वर्षे दर आठवड्याला जाणारी बाई! कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भांडून नंतर त्याच भाजीवालीच्या लेकीचे लग्न जमवून येणारी. आमच्या अलाउद्दीनची बायको बीबीजान, तिचे बांगड्यांचे दुकान आहे, तिथे गोणपाटावर बसून ही सगळ्या तालुक्याच्या बातम्या घ्यायची. बीबीजान अजून निरोप धाडते. ही फाटकापर्यंत जाते आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला की परत फिरते. मी म्हणालो, मी येतो ना बरोबर. तर म्हणाली, "चोराला वाट दावनाऱ्या मानसासंगं मी न्हाई यायची. येकटी गेले तर निदान त्यांला वाट तरी घावायची न्हाई." दाजी, हे वाक्य मी तीन महिने भाकरीबरोबर खातो आहे.

आणि अशा वेळी तुम्ही समाचाराला आलात आणि पिशवीतून ते पुस्तक काढलेत. फिलिपाईन देशातली काठीची विद्या, एस्क्रिमा तिचे नाव, हातभर लांबीच्या दोन वेताच्या काठ्या, बारा वार, म्हातारा माणूसही चोराला लोळवतो, चित्रे बघून शिक, असे म्हणालात की नाही? म्हणालात. मी शिकलो. चुकलो.

वेत इथे कुठला मिळणार? मी कारवीच्या काठ्या तोडल्या. (कारवी भिंतीला चांगली, मारामारीला नाही. चौथ्या वाराला मोडते.) पुस्तकात पानापानावर दोन माणसांचे फोटो, एक पांढऱ्या सदऱ्यात, एक काळ्या. खाली इंग्रजी मजकूर. मला ए बी सी डी येते, पण ती अक्षरे शेजारी शेजारी बसली की ओळख देत नाहीत. म्हणून मी अक्कल चालवली. आमचे चोर काळ्या जाकिटातले. मी जन्मभर पांढऱ्या सदऱ्यात. तेव्हा पांढरा तो मी आणि काळा तो चोर, हे शेंबड्या पोरालाही कळेल. प्रत्येक डावात पांढरा आधी वार करतो. बरोबर आहे, चोराची वाट कशाला बघायची? चौथ्या फोटोत त्याच्या हातातली काठी जाते. मी समजलो, हात मोकळे करण्याची युक्ती असावी. शेवटच्या फोटोत पांढरा जमिनीवर उताणा. मला वाटले, शवासन. योगासनांच्या शेवटी असते तसे इथेही असणार. मी प्रत्येक डावानंतर पाच मिनिटे अंगणात उताणा पडत होतो, दाजी. शेजारच्यांनी दोनदा पाणी आणले.

मोबाईलवर व्हिडिओ पाहून खात्री करायची नाही का, असे तुम्ही म्हणाल. पाहिले. त्या व्हिडिओत दोघांचेही सदरे लाल! कोण कोणाला मारतो ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. आणि नेमकी काठी डोक्यावर आली की मध्येच जाहिरात, भूगावात दोन बेडरूमचा फ्लॅट घ्या. अरे, माझ्या मुलाने घेतला आहे, आता काठी खाली येऊ द्या! जाहिरात संपली की मास्तर घाम पुसत असतो. मार कोणी खाल्ला ते कळायचे राहूनच जाते.

शिवाय विद्या दोघांची. आधी अलाउद्दीनला धरला. पहिल्याच दिवशी काठी त्याच्या बोटांवर बसली. "बहिरू, दोस्ती ऱ्हाऊ दे, हात ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि आता मी दुकानात गेलो की आधी माझे हात बघतो, मग चहा सांगतो. शेवटी तुळजाबाईला चोर केले. ती तयार नव्हती. मी म्हटले, मग म्हशीबरोबर करतो, तेव्हा म्हशीची दया येऊन उठली. काळे घोंगडे पांघरायला लावले, हातात काठी दिली, पुस्तक तुळशीपाशी उघडे ठेवले. ती शाळेची पायरी चढलेली नाही, पण रांगोळी एकदा बघितली की उतरवते. काळा जसे करतो तसे हुबेहूब करायची. दोन महिने रोज माझी काठी उडायची, रोज मी आडवा व्हायचो, आणि मला वाटायचे, आपली प्रगती चालली आहे.

काल किशोर आणि सूनबाई शुभांगी भूगावहून आले. किशोरचे नेहमीचे पालुपद, बाबा, तुम्ही दोघे आमच्याकडे चला, इथे आईला कोण सांभाळणार? मला राग आला. म्हटले, बघ कोण सांभाळणार ते. पांढरा सदरा चढवला, हिला घोंगडे दिले आणि पोराच्या देखत जोरात पहिला वार केला. पुढचे मला सलग आठवत नाही. काठी ताकाच्या गंजात सापडली. मी शवासनात होतो, पण या वेळी स्वखुशीने नव्हे. शुभांगीने पुस्तक उचलले, फोटोखालचे वाचले आणि फार हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पांढऱ्या कपड्यातला हल्लेखोर आहे. शिकायचं ते काळ्याकडून." किशोर हसत हसत गोठ्यापर्यंत गेला. तुळजाबाई हसली नाही. हातातल्या काठीकडे बघत होती. म्हणाली, "म्हंजी दोन म्हैने तुमी मार खायाचं शिकत हुतात व्हय? आन् मी?"

दाजी, दोन महिने मन लावून मी हरण्याचा अभ्यास केला, आणि तुम्हाला एक शब्द सांगता आला नाही, की बहिरू, काळा आपला! पुस्तक या पत्रासोबत परत पाठवत आहे. पुन्हा माझ्या उंबऱ्यात आलात तर पेढे आणा, पुस्तक आणू नका. पत्र पोचल्याचे कळवा. (पोस्टमन हल्ली कुठे ठेवतो नेम नाही. मला झोप लागत नाही.)

तुमचा चिडलेला मेव्हणा,
बहिरू

ता.क. पुस्तक सोबत पाठवलेले नाही. तुळजाबाई देत नाही. सातव्या धड्यावर आहे.

ता.क. पाकीट चार दिवस चिकटवायचे राहिले होते म्हणून लिहितो. आज बाजाराला गेलो. दोघे. ती पुढे, पिशवीतून कारवीची काठी बाहेर आलेली. बीबीजानने तिला दुकानाच्या पायरीवरच मिठी मारली, मग दोघी तीन तास बोलत बसल्या आणि मी व अलाउद्दीन बाहेर उभे. येताना फाट्यावर एक मोटरसायकल थांबली. मी तोंड घट्ट मिटले. हिने पिशवीत हात घातला आणि विचारले, "काय पायजे?" बिचारा बायकोला धरण दाखवायला आला होता. काही न विचारता निघून गेला. चुकीच्या वाटेने गेला. मला फार हळहळ वाटली, पण मी बोललो नाही.

ता.क. मुख्य काम राहिलेच. तुमच्या ओळखीतून खऱ्या वेताच्या दोन काठ्या मिळाल्या तर धाडा. तुळजाबाईच्या हाताला बसतील अशा, जरा आखूड. माझ्यासाठी नकोत. तिने सांगितले आहे की मी डाव्या बाजूने चालायचे, उजवीकडे तिला काठी फिरवायला जागा लागते, आणि दोन्ही पिशव्या मीच धरायच्या. तेवढे मला जमते. संध्याकाळी सराव असतो, तिला पाडायला कोणीतरी लागते. या पुस्तकाचा दुसरा भाग निघाला असेल तर तोही बघा, आणि त्यात पांढऱ्या सदऱ्यावाला एकदा तरी जिंकतो का, एवढे चाळून कळवा. जिंकत नसला तरी चालेल. पाठवून द्या.