विल्मॉटची बरणी आणि माझं नाक

टेकडीवरचं घर,
८ नोव्हेंबर

लाडक्या नडीनला,

तुझ्या थोरल्या बहिणीचे खूप खूप मुके. पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण तू फोनवर "हं, बोल" म्हणतेस आणि मी ठरवलेलं सगळं सोडून हवापाण्याचं बोलत बसते. आपलं भांडण होऊन दोन वर्षं झाली. पुरे झालं म्हणते मी.

इकडे सगळं झकास. धुकं आहे, चुलीला लाकडं आहेत, कुत्री जाडी झालीय. यंदा वणव्याचा धूर आला नाही, त्यामुळे गांजा असा काही पिकलाय की बघत राहावं. आईच्या झाडाची कलमंसुद्धा सगळी जगली. सुकवून झाली, आता काचेच्या बरण्यांत मुरताहेत. सकाळ-संध्याकाळ झाकणं उघडायची, हवा द्यायची, पुन्हा लावायची. आई म्हणायची ना, बाळांना ढेकर काढायला लावते, तेच.

आता गंमत ऐक. शनिवारी हॉलमध्ये हुंगायचा कार्यक्रम होता. सगळ्या टेकडीच्या बरण्या टेबलावर, आणि परीक्षक अर्थातच मी. आई गेल्यापासून ती खुर्ची माझी. गांजाचं सुकं बोंड चिमटीत चुरडायचं, हुंगायचं आणि सांगायचं. लिंबाच्या सालीचा वास आला तर माणूस खुलणार, पाइनचा आला तर डोकं जागं राहणार, आणि पिकल्या आंब्याचा आला तर गडी सोफ्यावरून उठत नाही! माहितीय गं, तुमच्या प्रयोगशाळेत त्यांना लिमोनीन, पायनीन, मिर्सीन म्हणतात. आणि तू म्हणशील, "ती नुसती वासाची द्रव्यं, टर्पीनं आहेत, कॉर्लिस, आणि मूडचं अजून सिद्ध व्हायचंय." होऊ दे सावकाश सिद्ध. आम्ही तोवर हुंगतो.

तर विल्मॉटची बरणी आली. तोच, दाढीत बिस्किटाचा चुरा घेऊन फिरणारा आपला शेजारी. मी चुरडलं, हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! लिंबू, पाइन, पहाटेची स्वच्छ हवा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हॉलच्या स्वयंपाकघरातून, केक कापता कापता, ड्रुसिला ओरडली, "अगं बाई, मासा आहे तो मासा! मला इथवर येतोय!"

हसून हसून लोक खुर्च्यांवरून पडायचे तेवढे राहिले. झालं होतं काय, विल्मॉटचं सुकवायचं कोठार गळत होतं, म्हणून या शहाण्याने सगळं पीक सॅमन मासे धुरवायच्या खोपटात टांगलं! आणि वर म्हणतो कसा, "मला वाटलं, माझ्या हातांनाच वास आहे." मग मला म्हणाला, "कॉर्लिस, फिरकी घ्यावी तर तुझ्यासारखी. चेहरा जरासुद्धा हलला नाही!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. ड्रुसिलाने मला सफरचंदाच्या केकचा हा एवढा तुकडा दिला.

तो मी ट्रकमध्ये जाऊन एकटीने खाल्ला. भरपूर दालचिनी घातली होती म्हणे. मला नुसता गोड लागला.

नडीन, मी फिरकी घेतली नव्हती. मला वास आलाच नाही. माशाचा नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही. उन्हाळ्यात ताप आला होता, त्याच्याबरोबर नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणतात, परत येईलही, कदाचित येणारही नाही. दूध नासलं की कुत्री तोंड फिरवते, तेव्हा मला कळतं. कुणाला सांगितलं नाही. इथे, या टेकडीवर, कुठल्या तोंडाने सांगू?

विल्मॉटचं हसण्यावारी गेलं, पण आईच्या बरण्यांचं काय करू? आत ओल राहिली की झाकण उघडताच अमोनियाचा भपकारा येतो. तो आला की सगळं तिथल्या तिथे बाहेर काढायचं, नाहीतर बुरशी लागून वर्षाचं पीक मातीत. मी आपली बोटांनी दाबून बघते आणि देवाचं नाव घेते. आईचं लोकरीचं जाकीट अजून खुंटीवर आहे. संत्र्याची साल आणि मिरी, तिच्या झाडाचा तो वास त्यात होता. रोज त्यात तोंड खुपसते. नुसती लोकर टोचते गं.

आईचं झाड तू यंत्रात तपासलंस आणि "शेजारच्या झाडाहून फारसं वेगळं नाही" म्हणालीस, तेव्हा मी दारातून ओरडले होते, "तुझ्या यंत्राला नाक नाही!" घे, आता मलाही नाही. हस. पोट दुखेपर्यंत हस, आणि मग गाडी काढ.

बरणी पोस्टाने पाठवली असती, पण इथे पिकवायला परवानगी असली तरी पोस्टात टाकला की मला आत टाकतील. तेव्हा तूच ये. यंत्र आणलंस तरी चालेल, त्यालाही जेवायला वाढीन. लहानपणी आई आपले डोळे बांधून पानं चुरडून हुंगवायची, तेव्हा दर वेळी तूच जिंकायचीस आणि मी भोकाड पसरायची. नाक शाबूत आहे ना अजून?

झाकण मी उघडीन. तू डोळे मिटून हुंग. ओल राहिलीय का, ते सांग. आणि मग एवढंच सांग, आई आहे का गं आत?

वाट बघतेय.

तुझीच,
नकटी कॉर्लिस