सात महिन्यांचं गिऱ्हाईक

जुना मोंढा, जालना
रविवार, दुपार

शाळेतल्या एकाच बाकावरचा माझा सोबती कारभारी यास हीरालालचा जय जिनेंद्र, आणि तुला कमी वाटू नये म्हणून वर एक राम राम.

तुझा गुडघा कसा आहे? (मागे भेटलास तेव्हा डावा दुखतो की उजवा हे तुलाच सांगता येत नव्हतं, म्हणून दोन्हींची चौकशी करतो.) तुळजावहिनी बऱ्या असतील. त्यांच्या हातचं खाऊनही तू कुरकुरतोस कसा, हे मला अजून उलगडलेलं नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. बसंतीबाई भाच्याच्या लग्नाला पंधरा दिवसांसाठी नागौरला गेली आहे, तेव्हा ‘सगळे ठीक’ हे तू आपल्या अकलेनं वाच. फोन का केला नाही म्हणशील. तर तुझ्या फोनचा आवाज कायम बाहेर असतो आणि तू तो पारावर बसून घेतोस. मागे मी तुला माझ्या मूळव्याधीबद्दल चार शब्द बोललो, तर तुमच्या गावातल्या तिघांनी मधूनच औषधं सुचवली. म्हणून हे पत्र. टेम्पोवाला माऊली आणून देईल. पाकीट नीट चिकटवलेलं आहे. उघडं मिळालं तर माऊलीला विचार.

आता मुद्द्याचं. आमच्या रिद्धीला सहा महिने झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईच्या दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करायला सांगितलं, त्याला आता महिना होईल. बसंतीबाई घरात होती तोवर हे खाणं मला दिसतसुद्धा नव्हतं. पोरगी स्वयंपाकघरात जाई आणि तोंड पुसून बाहेर येई, मला वाटे एवढंच काम असतं. आता सूनबाई शिखा बदनापूरच्या बँकेत, सकाळच्या गाडीनं जाते. नमन खाली दुकान सांभाळतो. उरलो मी. बसंतीबाई म्हणत होती की शेजारणीला सांगून ठेवते. मी म्हणालो, काही गरज नाही, ज्यानं चाळीस वर्षं डाळ-तांदूळ विकले त्याला मूठभर शिजवता येणार नाही का? (हे मी सगळ्यांच्या समोर बोललो. तू असलं पारावर बोलतोस, तिथं कोणी लक्षात ठेवत नाही. घरात ठेवतात.) ती नुसती हसली आणि गाडीत जाऊन बसली. त्या हसण्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

शिखानं फ्रिजवर कागद लावला होता. मुगाच्या डाळीची आणि तांदळाची खिमटी, वरून थोडं तूप. मीठ नाही, साखर नाही, वर्षाच्या आत मध नाही (तो आमच्यात तसाही नाही). नवीन जिन्नस एका वेळी एकच, आणि मग तीन दिवस बघायचं. पाण्यासारखं पातळ नको, चमचा कलता केला तर लगेच ओघळू नये इतपत घट्ट. डॉक्टरीणबाईंच्या छापील यादीत गाजर-बटाटा होता, तो खोडून शिखानं लाल भोपळा लिहिला होता. जबरदस्ती करायची नाही. आणि शेवटी जाड अक्षरात, टीव्ही लावायचा नाही. ही सूचना रिद्धीसाठी होती की माझ्यासाठी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

पहिल्या दिवशी मी दुकानात उतरलो आणि एक नंबरच्या पोत्यातली मूगडाळ घेतली. तू ती पाहिली आहेस, अशी चमकते की तिच्यात बघून भांग पाडून घ्यावा. आता माप किती घ्यायचं? पावशेरच्या खाली माझा हात कधी गेलेला नाही. म्हणून पावशेर डाळ, पावशेर तांदूळ. धुतली तर पाणी पिवळं आलं आणि वर तेलाचा तवंग. दुसऱ्यांदा धुतली, तसंच. मी स्वतःशीच म्हणालो, माल बघा किती कसदार! तिसऱ्या शिट्टीला कुकरनं भिंतीवर पिवळी रांगोळी काढली. आत जी खिमटी झाली ती तुमच्या गावच्या एका लग्नाच्या पंगतीला पुरली असती, आणि वऱ्हाडानं नावंही ठेवली असती.

असो. रिद्धीला मांडीवर घेतलं, गळ्याला फडकं बांधलं, चमचा भरला. गरम तर नाही ना म्हणून आधी मीच तोंडात घातला. आणि कडकन आवाज झाला. हातावर काढून बघतो तर दाढेची कॅप, आणि तिच्या शेजारी वाटाण्याच्या निम्म्याएवढा एक खडा.

कारभारी, इथं हसू नकोस. (हसलास, मला माहीत आहे.) कॅपचं काही नाही, तिचे दिवस भरलेच होते. पण समोर ते लेकरू तोंडाचा आ करून बसलेलं. तोच चमचा, तोच खडा. मी एक घास आधी खाल्ला म्हणून, नाहीतर तो कुठं गेला असता? घशात गेला असता, श्वासनळीत गेला असता. मी कुकर तसाच बाजूला सारला. त्या दिवशी तिला केळं कुस्करून दिलं, तेही चार वेळा बोटानं चाचपून.

संध्याकाळी शिखा आली. मी लपवणार होतो, पण कॅपशिवाय माझे ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, “पप्पाजी, रागावू नका. रिद्धीची डाळ मम्मीजी आपल्या दुकानातली घेत नाहीत. वरच्या स्टीलच्या डब्यात वेगळी असते.”

मी डबा काढला. तळाला दोन चमचे डाळ होती, मळकट, फुटकी, चमक बिलकुल नाही. मी विचारलं, कुठून आणते ती? शिखा म्हणाली, एमआयडीसीच्या रस्त्याला कौसल्याबाई राहतात, गिरणीतल्या कामगारांना डबे देतात, त्या जात्यावर भरडून देतात.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझी बायको, मोंढ्यातल्या हीरालालची बायको, माझ्या गल्ल्यासमोरून पिशवी घेऊन दुसरीकडून डाळ आणते! आणि कुणाकडून? कौसल्याबाईकडून. या बाईंना मी चांगला ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी त्या दुकानात आल्या होत्या. भर बाजाराचा दिवस. त्यांनी कागदाची पुडी सोडली, आत सात खडे. म्हणाल्या, नातवाच्या ताटात निघाले. आणि मी, चार गिऱ्हाइकं बघतायत म्हणून चढून, म्हणालो की बाई, शेतातला माल आहे, सोन्याच्या दुकानात गेला असतात तर खडे मोजून पैसे लावले असते. सगळे हसले. त्यांनी पुडी पुन्हा बांधली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मीही विसरलो होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रिद्धीला कडेवर घेऊन मी रिक्षानं त्यांच्या दारात. वाटेत माफीची चार वाक्यं तयार केली होती. दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवेना, आणि मी म्हणालो, “खिमटी शिकायला आलो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. मग रिद्धीला सरळ काढून घेतलं आणि माझ्यापुढं एक ताट सरकवलं. “शिल्लक एवढीच डाळ हाय. निवडा आधी. निवडल्याबिगर मी काहीच चुलीवर ठेवत न्हाई.”

चाळीस वर्षांत मी डाळ तोलली, उधळली, हातावर घेऊन फुंकली, तिच्याबद्दल भाषणं केली. निवडली कधी नव्हती. चष्मा पुसून खाली बसलो. त्या भाकरी थापत होत्या, शेजारी डब्यांची आमटी रटरटत होती, मी एकेक दाणा बाजूला करत होतो आणि रिद्धी त्यांच्या पदराला धरून माझी मजा बघत होती. तासाभरात एक सुतळीचा तुकडा आणि बारीक एक मातीचा कण सापडला. खडा नाही. (आमच्या एक नंबरातली मी नंतर तेवढीच डाळ निवडून बघितली. अकरा. हा आकडा पारावर जाता कामा नये.) ताट त्यांच्यापुढं ठेवताना शेवटी माझ्या तोंडून निघालं, “त्या दिवशी चुकलं माझं. लोकांसमोर बोललो तुम्हाला.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाल्या, “तवा लई राग आल्ता. घरी जाऊन रडले बी. आता तुम्ही तासभर मांडी घालून बसलात, मंग काय धरून ठेवायचं? पातेल्याकडं बघा सेठ, खाली लागून राह्यलं.”

मग त्यांनी शिकवलं. दोन वाटे तांदूळ, एक वाटा डाळ, धुऊन फडक्यावर वाळवायचं, मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत भाजायचं, जाडसर भरडून डब्यात भरायचं. लागेल तेव्हा दोन चमचे भरड भरपूर पाण्यात, ढवळत ढवळत, मऊ होईपर्यंत शिजवायची, मग चमच्याच्या पाठीनं घोटायची. तूप वरून. आणि घाई नाही. मी म्हणालो, एवढंच? त्या म्हणाल्या, “एवढंच. पण हे एवढंच रोज करावं लागतं.”

त्यांच्या डब्यात तयार भरड थोडी होती, तिचीच खिमटी मी तिथं घोटली. पहिला चमचा रिद्धीनं जिभेनं बाहेर ढकलला. दुसरा माझ्या चष्म्यावर आला. मी घाबरलो, तर कौसल्याबाई म्हणाल्या, ते थुंकणं न्हाई, जिभेला ठाऊक न्हाई काय करावं, थांबा जरा. थांबलो. तिसऱ्याला तिनं ओठ मिटले, डोळे बारीक केले आणि असा चेहरा केला, जसा सरकारी खरेदी केंद्रातला माणूस आपला माल बघून करतो. आणि गिळलं. मग चमच्याकडे बघून दोन्ही हात आपटले. चाळीस वर्षांत इतकं चोखंदळ गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, आणि तिनं माल पास केल्यावर मला जो आनंद झाला तो दुकानाच्या उद्घाटनाला झाला नव्हता.

घरी आल्यावर मी खाली उतरून एक नंबरच्या पोत्यांची तोंडं बांधली आणि मिलवाल्याकडे परत पाठवली. नमन म्हणाला, पप्पा, असं कोणी करतं का? मी म्हणालो, आजपासून बिनपॉलिशची, निवडलेली डाळ. आणि गल्ल्यापाशी ताट घेऊन निवडायला बसलो. नमनला इतकी लाज वाटली की तो दोन दिवस मला ‘आमचे एक पाहुणे’ म्हणत होता. गिऱ्हाईक येतं, डाळ बघतं, म्हणतं सेठ, कालची चमकदार द्या ना. खड्यांची तक्रार घेऊन चाळीस वर्षं लोक आले, आता चमकेची घेऊन येतायत. इतक्या दिवसांत एकच गिऱ्हाईक कौतुकानं आलं. कौसल्याबाई. त्यांनी किलोभर डाळ घेतली, तिथंच सगळ्यांसमोर पसरून बघितली, एक खडा निघाला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “एक माफ.” दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगू का, हलकं वाटलं.

बसंतीबाई मंगळवारी येते. भिंतीवरची रांगोळी अजून निघालेली नाही. तिथं मी कॅलेंडर लावलं आहे, जमिनीपासून दीड हातावर. बघू काय विचारते.

वहिनींना नमस्कार, चिरंजीव भारतला आशीर्वाद, म्हशीला तुझ्या हातानं एक थाप.

तुझा,
हीरालाल

ता. क. कौसल्याबाईंची डाळ संपली आहे. मी विचारलं, मूग कुठला होता? तर म्हणाल्या, भादव्यात एक पागोटेवाला बदनापूरकडून दोन कट्टे घेऊन मोंढ्यात आल्ता, सेठनं चमक न्हाई म्हणून परत लावला, तो डोकं धरून रस्त्यात बसल्ता, मी घेतले. कारभारी, मला आता आठवलं. तू माझ्यासमोर कट्ट्याचं तोंड सोडलंस, मी मूठ भरून बघितली आणि तुला ‘गिऱ्हाईक घेणार नाही’ असं म्हणालो, चहासुद्धा विचारला नाही. आणि नंतर तीनदा भेटलास, एका शब्दानं बोलला नाहीस. महिनाभर माझी नात तुझ्या शेतातलं जेवते आहे आणि मला पत्ता नाही. तेव्हा पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की बियाणाला राखून उरले असतील तर पाच किलो मूग माऊलीबरोबर पाठव. नाहीतर स्वतःच घेऊन ये. चहा तयार असेल, आणि जे बोलायचं ते दुकानात, सगळ्यांसमोर बोल.

ता. क. दुसरं. सात महिन्यांच्या पोरीला पाच किलो कशाला, असं तू वहिनींना म्हणशीलच. ती चार चमचे खाते आणि तोंड फिरवते. बाकीचं पातेलं मी खातो, पापड लावून. शिखाला वाटतं मी भांडी स्वच्छ घासतो.