अपेक्षाच्या फोनची गोपनीयता

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
अपेक्षाच्या नावाने कोणीतरी खोटं अकाउंट काढलंय. फोटोत चेहरा तिचा, अंग दुसऱ्याच बाईचं. शिवाय तिला धमकीचे मेसेज. काल दुपारपासून जेवली नाही. म्हणते, दादा, पोलिसांत जाऊ. पण सायबरवाले आधी फोन मागतात. त्यात तिचं सगळं खाजगी. घाई नको. वडील नाहीत, जबाबदारी माझी. आधी लोकांचं मत घ्यावं.

५ फेब्रुवारी
गल्लीत अकरा जणांना विचारलं : बहिणीचा फोन पोलिसांना द्याल का? नाव अर्थातच गुप्त ठेवलं. नऊ नाही, एक हो. सोजरबाई म्हणाल्या, "अपेक्षाचं काय झालं रं?" त्यांना 'इतर'मध्ये टाकलं.
हो म्हणणारा एकटा महिपती इस्त्रीवाला. म्हणे, पोलीस बघतील म्हणून घाबरता, पण ते अकाउंट अख्खं पुणं बघतंय. मत विचार न करता दिलेलं.

७ फेब्रुवारी
मार्ग सापडला. सगळे मेसेज वहीत उतरवले, तारीख-वेळेसकट. घाण शब्दांच्या जागी टिंबं. मग तिचा फोन पूर्ण रीसेट केला. पुरावा राहिला, गोपनीयताही राहिली. अपेक्षा आंघोळीहून आल्यावर सांगितलं. बराच वेळ फोनकडे बघत बसली. सुटल्यासारखं वाटलं असावं.

१० फेब्रुवारी, दुपारी १.३०
दोघं सायबरला जाऊन आलो. तिथल्या शर्मिला मॅडमनी वही शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. पण हे तुम्हीच लिहिलं नाहीत कशावरून?" लिंक मागितली. नव्हती. स्क्रीनशॉट नव्हते. अकाउंटचं नावही आता बदललंय, सापडेना. "आरोपीलासुद्धा इतकी स्वच्छता जमली नसती," म्हणाल्या. टोमणा असावा. अर्ज ठेवून घेतला.
परत येताना धायरीपर्यंत अपेक्षा बसमध्ये पुढच्या सीटवर बसली. माझ्या शेजारी जागा होती.

१४ फेब्रुवारी
ती नर्सिंग कॉलेजला जात नाही. सगळ्या गल्लीला कळलंय. दुकानात पोरं हसतात. पोलिसांकडूनच फुटलं असणार. म्हणून मी आधीपासून सांगत होतो.

१९ फेब्रुवारी
काल तिच्या फोनवर तसलाच नवा फोटो आला. या वेळी खाली आमचा पत्ता.
अपेक्षा मला न सांगता एकटीच सायबरला गेली. फोन मॅडमच्या हातात देऊन आली. हे मला आईने सांगितलं. मी अपेक्षाला समजावायला गेलो की निदान लॉकचा नंबर तरी द्यायचा नव्हता. आणि रीसेटनंतर तिने ठेवलेला तो नवा नंबर मला माहीत असलेला बरा.
म्हणाली, "त्यांना सांगितलाय. तुला नाही सांगणार, दादा."
आणि दार आतून लावून घेतलं.