कांद्याचा वास

मंगळवार, संध्याकाळ

शाळेतून आणताना गाडीत मागे माझी ईश्वरी मैत्रिणीला सांगत होती, "त्या चांदवडच्या पल्लवीला डबा खायला आपल्यात घ्यायचं नाही हं. कांद्याचा वास मारते ती!" दोघी खिदळल्या. माझे कान तिखट, नको तेही ऐकू येतं. कांद्याचा वास! अरे, बाजार समितीतली माझी अख्खी आडत कांद्याची. ही गाडीसुद्धा त्याच पैशातली.

मैत्रीण उतरल्यावर विचारलं, "असं का गं, बाळा?"

ती रडायलाच लागली. "पप्पा, आधी सगळ्या मलाच तसं चिडवायच्या. पल्लवी आली म्हणून मी सुटले."

माझ्या लेकीने हे सोसलं आणि मला पत्ताच नाही? आता रागवू तरी कसा?

घरी उतरताना ती हळूच म्हणाली, "उद्यापासून घ्यायला मम्मीला पाठवा ना."

मी बरं म्हणालो.